घातांकी फलनाची अनंतस्पर्शी रेषा दरवेळी चुकते? चूक नेमकी कुठे शिरते ते शोधूया

"उत्तर य = ५ दिलंय, माझं क्ष = ४ येतंय. कुठे चुकलं?"

आकडे बदलून हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की आता प्रश्न पुरा वाचायच्या आधीच चुकीची जागा दिसते. फलन साधारण असं असतं:

य = ३·२^(क्ष − ४) + ५

(घात वर चढवून लिहायची सोय नाही, म्हणून ^ हे चिन्ह वापरतोय. क्ष आडव्या अक्षावर, य उभ्या अक्षावर. ई म्हणजे २.७१८२८… हा नेहमीचा स्थिरांक. घातांकी फलन म्हणजे ज्यात क्ष घातांकात असतो ते, आणि अनंतस्पर्शी म्हणजे आलेख दूरवर जाताना जिच्या हवा तितका जवळ जातो ती रेषा.)

या एकाच फलनाची मला चार उत्तरं मिळाली आहेत: क्ष = ४, य = ३, य = ४ आणि य = ५. बरोबर आहे ते शेवटचं. पण ज्यांनी य = ५ लिहिलं त्यांतले बरेचजण पुढच्याच गणितात आपटतात, कारण त्यांनी ५ हा "शेवटी उभा असलेला आकडा" म्हणून उचललेला असतो. ही युक्ती एके काळी मीही शिकवायचो. शेपटीला जो आकडा लटकतोय तीच तुमची रेषा, झालं गणित! मग एकदा फळ्यावर य = ४(२^क्ष − ३) लिहिलं आणि अख्ख्या वर्गाने एका सुरात य = −३ सांगितलं. खरं उत्तर य = −१२. चूक वर्गाची नव्हती. मी दिलेला नियम त्यांनी तंतोतंत पाळला होता.

तेव्हापासून शेपटीचा नियम बंद. त्याऐवजी एवढंच विचारतो: कुठलं पद विझतंय, आणि कुठल्या टोकाला?

विझणारं पद

२^क्ष घ्या. क्ष = −१ ला किंमत ०.५, −५ ला ०.०३१२५, −१० ला ०.०००९७६५६२५. डावीकडे जाल तितकं ते विझत जातं. शून्य कधीच होत नाही, पण शून्याच्या हवं तितकं जवळ जातं. उजवीकडे नेमकं उलट: क्ष = १० ला १०२४, क्ष = २० ला १०,४८,५७६. तिकडे कुठल्याही आडव्या रेषेला चिकटून राहण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणजे आलेखाला दोन टोकं आहेत आणि दोन्हीकडे वेगवेगळा कारभार चालतो. अनंतस्पर्शी रेषा ही एका टोकाची गोष्ट आहे. विद्यार्थी ती "फलनाची" समजतात आणि गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. तेव्हा घातांकी पद ज्या टोकाला विझतं ते टोक आधी ओळखायचं, तिथे त्या पदाच्या जागी शून्य ठेवायचं आणि उरेल ते लिहायचं.

वरच्या फलनात क्ष डावीकडे गेला की २^(क्ष − ४) विझतं. उरतं ३·० + ५ = ५. रेषा य = ५, डाव्या टोकाला. ४(२^क्ष − ३) मध्ये २^क्ष विझलं की उरतं ४·(−३) = −१२. कंस सोडवायचीसुद्धा गरज नाही. (२^क्ष + ६)/२ मध्ये उरतं ६/२ = ३. य + ४ = २^क्ष असं उलटसुलट दिलं असेल तर आधी य एकटा करा: य = २^क्ष − ४, रेषा य = −४. आणि ७·(०.४)^क्ष मध्ये काहीच उरत नाही, म्हणून य = ०. इथे कुणी "अनंतस्पर्शी नाही" लिहितं, कुणी य = ७. काहीच न उरणं म्हणजे शून्य उरणं, आणि शून्य ही एक चांगली धडधाकट रेषा आहे. तिला क्ष-अक्ष म्हणतात!

क्ष − ४ मधल्या ४ चं काय?

हा ४ पाहून हात आपोआप "क्ष = ४" लिहितो. त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. १/(क्ष − ४) मध्ये क्ष = ४ ही खरोखरच उभी अनंतस्पर्शी असते आणि ते डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण तिथे छेद शून्य होतो. इथे घातांक शून्य होतो, आणि २^० = १. काहीच फुटत नाही.

याहून चांगलं पटवायचं तर २^(क्ष − ४) फोडून बघा. ते आहे २^क्ष ÷ १६. म्हणजे घातांकातली वजाबाकी हा फक्त गुणकाचा वेष आहे! आलेख उजवीकडे ४ घरं सरकवला काय किंवा त्याची उंची १६ ने भागली काय, दोन्ही एकच. आडवी रेषा आडव्या दिशेने सरकवली तर ती जागच्या जागीच राहते, म्हणून या ४ चा अनंतस्पर्शीवर काडीचाही परिणाम होत नाही.

काहीजणांना उभी अनंतस्पर्शी दुसऱ्याच कारणाने दिसते. २^क्ष चा आलेख पडद्यावर असा सरळसोट वर चढतो की जणू क्ष = ८ पाशी भिंतच आहे. भिंत नाही. क्ष = ८ ला किंमत २५६, क्ष = ९ ला ५१२, दोन्ही सांत. नुसत्या ब^क्ष ला (ब म्हणजे पाया) उभी अनंतस्पर्शी नसते, कारण प्रत्येक क्ष साठी तिची ठरलेली किंमत आहे. उभी रेषा लॉगरिदमच्या आलेखाला असते: तो घातांकी आलेखाचं य = क्ष या आरशातलं प्रतिबिंब आहे, त्यामुळे य = ० ही आडवी रेषा तिथे क्ष = ० अशी उभी होते. परीक्षेच्या घाईत या दोघांची अदलाबदल होते, बाकी काही नाही.

टोक ओळखताना चूक होते तेव्हा

पाया १ पेक्षा लहान आणि घातांकात वजा चिन्ह, दोन्ही एकत्र आले की माणूस भांबावतो. उदाहरणार्थ:

य = ६ − ५·(०.२)^(३ − क्ष)

"पाया लहान, म्हणजे उजवीकडे विझणार" इतकं बोलून पुढे गेलात तर टोक उलटं पडेल. माझी सवय अशी: आधी सगळे पाये १ पेक्षा मोठे करून घ्यायचे. ०.२ म्हणजे ५^(−१). मग (०.२)^(३ − क्ष) = ५^(क्ष − ३). आता पायाकडे बघायचं कारण संपलं. घातांक ज्या दिशेला उणे अनंताकडे जातो त्या टोकाला पद विझणार. क्ष − ३ डावीकडे उणे होत जातो, म्हणून डावं टोक, आणि रेषा य = ६. समोर वजा चिन्ह आहे, त्यामुळे आलेख रेषेच्या खालून येतो आणि उजवीकडे खोल खाली जातो.

तुम्ही म्हणाल, टोक चुकलं तरी उत्तर य = ६ च आलं असतं की. इथे, हो. पण आलेख काढायला सांगितला तर रेषा बरोबर आणि वक्र उलट्या बाजूला असं चित्र निघेल. आणि दोन टोकांना दोन वेगळ्या रेषा असल्या, तर तेवढ्याने सगळं गणित जातं. ते उदाहरण पुढे येतंयच.

पाया १ असेल तर फलन स्थिर असतं. पाया ऋण असेल तर क्ष = ०.५ लाच अडतं, कारण ऋण संख्येचं वर्गमूळ वास्तव नसतं. ही दोन्ही घातांकी फलनं नव्हेत, तेव्हा त्यांच्यामागे लागू नका.

कॅल्क्युलेटर काही वेगळंच दाखवतोय

ही तक्रार वाढत चालली आहे आणि तिच्यात तीन निरनिराळे रोग मिसळलेले असतात.

पहिला रोग कंसाचा. वहीत घातांक वर चढवून लिहिलेला असतो, तिथे कंस लागत नाही. तेच टाइप करताना २^क्ष−४ असं होतं आणि यंत्र ते (२^क्ष) − ४ वाचतं. आलेख चार घरं उजवीकडे जायच्या ऐवजी चार घरं खाली येतो, रेषा य = −४ दिसते, आणि मग "पुस्तकातलं उत्तर चुकीचं आहे का?" असा निरोप येतो. मागच्या वेळी अशा निरोपासोबत पडद्याचा फोटो होता. फोटोत वरच्या ओळीत कंस नसलेला तो घातांक अगदी स्पष्ट दिसत होता. पाठवणाऱ्याची नजर मात्र आलेखावर. संपूर्ण घातांकाला कंस घाला, अगदी गरज वाटत नसली तरी.

दुसरा रोग: "आलेख रेषेला टेकला." य = ३ + २^क्ष मध्ये क्ष = −४० टाका. २^(−४०) आहे सुमारे ०.००००००००००००९. दहा अंकी पडद्यावर उत्तर येतं ३, नुसतं ३. यंत्र खोटं बोलत नाही, त्याच्याकडे तेवढे अंक दाखवायला जागा नाही. आलेखाच्या पडद्याचंही तसंच. एका ठिपक्याच्या उंचीपेक्षा अंतर कमी झालं की वक्र आणि रेषा एकाच ठिपक्यांवर बसतात. मोठं करून बघितलं की पुन्हा वेगळे होतात.

तिसऱ्याची उकल व्हायला सगळ्यात वेळ लागतो, कारण तिथे काहीच चुकलेलं दिसत नाही. फलन असं:

य = १००·(१.०२)^क्ष + ४०

पडद्यावर क्ष नेहमीप्रमाणे −१० ते १०. या पट्ट्यात य ची किंमत सुमारे १२२ पासून १६२ पर्यंत जाते आणि आलेख जवळजवळ सरळ रेघ दिसतो. सपाट होण्याचं नाव नाही. विद्यार्थी लिहितो, "हे रेषीय आहे, अनंतस्पर्शी नाही." आता डावीकडे −२०० पर्यंत जा. तिथे (१.०२)^(−२००) सुमारे ०.०१९ आहे, म्हणजे य जवळपास ४१.९, आणि आलेख य = ४० वर पसरत चाललेला दिसतो. पाया १ च्या जितका जवळ, तितकं विझायला अंतर जास्त लागतं. त्यामुळे आलेख बघून अनंतस्पर्शी ठरवू नका. आधी बीजगणिताने काढा, मग ती रेषा दिसेल एवढा पट्टा पडद्यावर घ्या.

"पण अनंतस्पर्शीला वक्र कधीच शिवत नाही ना?"

अ·ब^क्ष + क या साध्या साच्यात नाही शिवत, कारण ब^क्ष धनच राहतं, शून्य होत नाही. एवढं खरं. पण हे त्या साच्याचं वैशिष्ट्य आहे. अनंतस्पर्शीची व्याख्या म्हणून ते पाठ केलंत तर घोटाळा.

य = क्ष·ई^(−क्ष) बघा. उजवीकडे ई^(−क्ष) इतक्या वेगाने विझतं की समोरचा क्ष त्याला सावरू शकत नाही: क्ष = १० ला किंमत सुमारे ०.०००४५. रेषा य = ०. पण क्ष = ० ला य = ०, म्हणजे वक्र रेषेला छेदून गेलाय. तरीही ती अनंतस्पर्शीच, कारण विचार टोकाचा आहे, मधल्या भानगडीचा नाही. ई^(−क्ष) ला साइन क्ष ने गुणलं तर वक्र त्याच रेषेला उजवीकडे जाताना अगणित वेळा ओलांडतो आणि तरी तिच्याकडेच जात राहतो.

हा गैरसमज शब्दातूनच आलाय असं मला वाटतं. असिम्प्टोट हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ साधारण "एकत्र न येणारा". प्राचीन ग्रीक गणिती अपोलोनियसने शंकुच्छेदांबद्दल (शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांबद्दल) लिहिताना तो वापरला, आणि त्यातल्या अपास्ताच्या (हायपरबोलाच्या) बाबतीत ते अक्षरशः खरं आहे, वक्र आणि रेषा भेटत नाहीत. मराठीत मात्र आपण त्याला अनंतस्पर्शी म्हणतो, अनंतात स्पर्श करणारी. ग्रीक म्हणतो भेट नाही, मराठी म्हणते भेट आहे पण अनंतात! मला मराठी शब्द जास्त आवडतो. लक्ष कुठे ठेवायचं ते तो स्वतःच सांगतो.

अपूर्णांक आला की दोन्ही टोकं तपासा

इथे जरा रेंगाळूया, कारण गुण सगळ्यात जास्त इथेच जातात.

य = (३·२^क्ष + १)/(२^क्ष − ४)

वहीत सहसा काय सापडतं? "सहगुणकांचं गुणोत्तर ३/१, म्हणून य = ३. छेद शून्य, म्हणून क्ष = २." दोन रेषा, खाली दोन आडव्या रेघा, गणित बंद. ही पद्धत बहुपदींच्या भागाकारातून आलेली आहे. तिथे दोन्ही टोकांना एकच आडवी रेषा असते, म्हणून दुसरं टोक बघायची सवयच लागलेली नसते.

डावीकडे जा. २^क्ष विझतं, त्याच्या जागी शून्य ठेवा: (० + १)/(० − ४) = −०.२५. म्हणजे डाव्या टोकाला रेषा य = −०.२५. हीच सुटते.

उजवीकडे २^क्ष विझत नाही, फुगतं. तिथे शून्य ठेवायचं नाही. तिथे अंश आणि छेद दोन्हींना २^क्ष ने भागायचं: (३ + २^(−क्ष))/(१ − ४·२^(−क्ष)). आता उजव्या टोकाला विझणारं पद हाताशी आलं, २^(−क्ष). शून्य ठेवा: ३/१ = ३. युक्ती तीच आहे, फक्त विझणारं पद आधी तयार करावं लागलं.

उभ्या रेषेसाठी छेद शून्य: २^क्ष = ४, क्ष = २. त्या ठिकाणी अंश १३, शून्य नाही, म्हणून रेषा खरी. खात्री हवी असेल तर क्ष = २.०१ टाका, किंमत ४७० च्या आसपास. क्ष = १.९९ ला −४६७ च्या आसपास. एकूण तीन रेषा: डावीकडे य = −०.२५, उजवीकडे य = ३, मध्ये क्ष = २.

अंश तपासायला का सांगतोय? कारण (४^क्ष − १६)/(२^क्ष − ४) असंही कुणीतरी विचारतं. छेद क्ष = २ ला शून्य, पण अंशही शून्य. ४^क्ष म्हणजे (२^क्ष)², तेव्हा वर्गांच्या वजाबाकीने सगळं सुटतं आणि उरतं २^क्ष + ४. क्ष = २ ला उभी रेषा नाही. तिथे (२, ८) या बिंदूवर आलेखात फक्त एक भोक आहे. डावीकडे अनंतस्पर्शी य = ४. मूळ अपूर्णांकात २^क्ष आणि ४^क्ष दोन्हींच्या जागी शून्य ठेवलं तरी −१६/−४ = ४ च येतं.

छेद शून्य होतच नसेल तर उभ्या रेषेचा शोध थांबवा. य = १०/(१ + ४·२^(−क्ष)) मध्ये छेद नेहमीच १ पेक्षा मोठा. उजवीकडे २^(−क्ष) विझतं, य = १०. डावीकडे ते फुगतं, छेद प्रचंड होतो, य = ०. हा लॉजिस्टिक वक्र. बेल्जियमचा गणिती फेरहुल्स्ट याने १८३८ मध्ये लोकसंख्यावाढीसाठी तो मांडला. वरची रेषा म्हणजे वाढीची कमाल मर्यादा. या वक्राला दोन आडव्या अनंतस्पर्शी असणं हाच त्याचा सगळा अर्थ आहे, आणि नेमकी त्यातली य = ० ही रेषा लोक लिहायची विसरतात.

घातांकातच भागाकार

ई^(१/क्ष) हे फलन मी मुद्दाम देतो. इथे घातांक टोकांना अनंताकडे जातच नाही, तो शून्याकडे जातो. क्ष = १०० ला किंमत १.०१००५, क्ष = −१०० ला ०.९९००५. दोन्ही टोकांना रेषा य = १. "घातांकी आहे म्हणजे य = ०" असं पाठांतरावर लिहिणारे इथे सापडतात.

क्ष = ० जवळची गंमत वेगळी. उजवीकडून या: क्ष = ०.१ ला ई^१० म्हणजे सुमारे २२,०२६. डावीकडून या: क्ष = −०.१ ला ०.००००४५. एका बाजूने आभाळाला भिडतं, दुसऱ्या बाजूने जमिनीला टेकतं! क्ष = ० ही उभी अनंतस्पर्शी आहेच, कारण एका बाजूने अनंताकडे गेलं तरी पुरतं. पण आलेख दोन्हीकडून वर नेलात तर चित्र चुकलं.

आडवी सापडत नाही, मग?

तिरकी बघा. य = क्ष + २^(−क्ष) मध्ये उजवीकडे २^(−क्ष) विझतं आणि उरतं य = क्ष. तीच अनंतस्पर्शी, तिरकी. उरलेली गोष्ट आकडाच असली पाहिजे असा कुठे नियम आहे? डावीकडे मात्र काही नाही. आणि २^क्ष + २^(−क्ष) ला कुठलीच रेषा नाही, कारण प्रत्येक टोकाला एक पद विझतं तेव्हा दुसरं फुगलेलं असतं. "अनंतस्पर्शी नाही" हेही उत्तर असू शकतं, फक्त दोन्ही टोकं बघून झाल्यावर लिहा.

समीकरणच दिलेलं नाही, नुसती नोंदींची यादी आहे

प्रयोगवहीतून येणारी अडचण. कपॅसिटर चार्ज होताना व्होल्टेज ९(१ − ई^(−ट/त)) असं वाढतं (ट म्हणजे वेळ, त म्हणजे कालांक, चार्ज होण्याचा वेग ठरवणारी ठरावीक वेळ, ९ व्होल्टचा पुरवठा). कंसातला १ पाहून कुणी रेषा १ ला काढतं. पद विझवा: ९·(१ − ०) = ९. एक कालांक गेला की ५.६९ व्होल्ट, पाच गेले की ८.९४. इथे निदान सूत्र तरी हातात आहे.

गरम द्रव थंड होतानाच्या नोंदींत तेही नसतं. समजा सारख्या अंतराने तापमान मोजलं: ८४, ६८, ५६ अंश. शेवटी कुठे स्थिरावणार? शून्य लिहू नका. वस्तू भोवतालच्या तापमानाकडे जाते, आणि ते तापमान क मानलं तर क च्या वरचा भाग प्रत्येक टप्प्यात सारख्याच पटीने घटतो. म्हणून:

(६८ − क)² = (८४ − क)(५६ − क)
४६२४ − १३६क = ४७०४ − १४०क
४क = ८०, क = २०

पडताळा: वरचा भाग ६४, ४८, ३६. प्रत्येक वेळी पाऊणपट. रेषा २० अंशांवर.

आणि मग निरोप येतो, "मी असंच केलं, माझं उत्तर ४ अंश आलं, खोली काय फ्रीज आहे का?" नोंदी मागवल्या तर ८४, ६८.५, ५६. मधल्या एका आकड्यात अर्ध्या अंशाचा फरक. गणित करून बघा: क = (४७०४ − ४६९२.२५)/(१४० − १३७) = ११.७५/३, म्हणजे ३.९. अर्ध्या अंशाने उत्तर सोळा अंशांनी हललं! पद्धत बरोबर, थर्मामीटरही ठीक. नोंदी एकमेकींच्या इतक्या जवळ घेतल्या आहेत की भागाकारात खाली जेमतेम ३ किंवा ४ उरतात, आणि एवढ्याशा छेदावर बारीकशी चूकही अवाढव्य होते.

त्यावर उपाय म्हणजे नोंदींमधलं अंतर जवळपास पाचपट करा. तोच द्रव मग ८४, ३६, २४ असा दिसेल (वरचा भाग ६४, १६, ४). क = (२०१६ − १२९६)/(१०८ − ७२) = ७२०/३६ = २०. आता मधल्या नोंदीत तीच अर्ध्या अंशाची चूक घाला, ३६ च्या जागी ३६.५: ६८३.७५/३५ = १९.५. तेवढीच चूक, पण उत्तर या वेळी अर्ध्या अंशानेच हललं.